आजोबांच्या झोपाळ्याला रंधा लावू देऊ नका

पत्र

सप्रेम नमस्कार.

गुहागर तालुक्यातलं आमचं घर दोन वर्षांपूर्वी उतरवलं. वाटणीत मी एकच वस्तू मागून घेतली, ओटीवरचा झोपाळा. आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. परसातला फणस वादळात आडवा झाला तेव्हा त्याच्या लाकडातून त्यांनी सुट्ट्यांमध्ये बसून तो स्वतः केला. फळी अखंड आहे, सहा फूट लांब, वीस इंच रुंद, दोन इंच जाड. मागे कातीव दांड्यांचा कठडा आणि चार पितळी साखळ्या. फळीच्या खालच्या अंगाला निळ्या पेन्सिलीनं 'चैत्र शु. ९ शके १८८४' असं लिहिलेलं आहे.

खाली आजोबांनीच बसवलेल्या दोन आडव्या लाकडी पट्ट्या आहेत. त्या सैल झाल्या म्हणून १९९० च्या सुमाराला काकांनी शेजारी दोन लोखंडी पट्ट्या स्क्रूनं ठोकून बसवल्या. चुलतभावाच्या मुंजीच्या वेळी कठड्याला हिरवा ऑइल पेंटही दिला.

आता झोपाळा माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला टेकवून ठेवलाय. या मे महिन्यात फळीला एका टोकाकडून सव्वा फूट लांब भेग गेली. पावसाळा लागल्यापासून मात्र ती बारीक झाल्यासारखी वाटते. एका कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत, खाली पीठ पडतं. सुतार म्हणतो, 'मशीन मारून सपाट करतो, सैल पट्ट्या चिकटवतो, भेग भरतो, वर मेलामाइन पॉलिश. ओळखू येणार नाही.' डाव्या बाजूला आजोबा बसायचे तिथे फळी खोलगट झालीय, तीही निघून जाईल म्हणतो. नाशिकचा भाऊ म्हणतो, सहा फुटी झोपाळा फ्लॅटमध्ये कशाला, मधोमध कापून दोन बाकडी करू, एक तुला एक मला. आणि मला तर तो जसा होता तसा हवाय, त्याच्या कर्रर्र आवाजासकट. काय करू?

– ओटीवरची नात, पुणे


उत्तर

ताई,

आधी एक काम करा. सुताराला फोन करून सांगा, की दिवाळीपर्यंत काही करायचं नाही. त्यानं ॲडव्हान्स घेतला असेल तर तो त्याच्याकडेच राहू द्या, पण फळी त्याच्या कारखान्यात जाऊ देऊ नका. 'ओळखू येणार नाही' हे त्याचं वाक्य शब्दशः खरं आहे, आणि माझी भीती तीच आहे.

आता भेगेकडे येऊ. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: पावसाळ्यात भेग बारीक झाली. लाकूड कापून, वाळवून साठ वर्षं झाली तरी ते हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं. ओल घेतली की फुगतं, सोडली की आकसतं. हे फुगणं-आकसणं लांबीत जवळजवळ नसतंच. ते होतं रुंदीत, रेषांना आडवं. वीस इंचांची अखंड फळी गुहागरच्या खाऱ्या, दमट हवेत आयुष्य काढून पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी येऊन उभी राहिली, तर ती अर्धा सेंटिमीटर तरी सहज अंग चोरणार. तिला चोरू दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण खाली काकांच्या दोन लोखंडी पट्ट्या आहेत, स्क्रूनं आवळलेल्या. लोखंड आकसायला तयार नाही, लाकूड थांबायला तयार नाही. मग लाकूड जिथे सगळ्यात लवकर सुकतं तिथे, म्हणजे टोकाकडून, फाटलं. मे महिन्यात फाटलं आणि जुलैत ओल मिळाल्यावर परत मिटायला लागलं. फळी उलटी करून बघा, भेग बहुतेक स्क्रूच्या रांगेपासून फार लांब नसेल.

आता आजोबांच्या पट्ट्यांकडे नीट बघा. त्यांना खिळा नाही, स्क्रू नाही. माझा अंदाज असा की फळीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी खाच पाडलेली असेल, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. पट्टीची वरची कडही तशीच, उलट्या उताराची, आणि ती बाजूनं सरकवून बसवलेली. बोटानं ढकलली तर किंचित सरकेल, पण खाली ओढून निघणार नाही. हे सैल 'झालेलं' नाही ताई, ते सैल ठेवलेलं आहे. पट्टी फळीला वाकू देत नाही, पण रुंदीत हलायला मोकळी सोडते. शाळामास्तरांना हे कुणी शिकवलं मला ठाऊक नाही, बहुधा गावातल्या एखाद्या सुताराजवळ बसून शिकले असतील. पण लाकडाचा स्वभाव त्यांना कळला होता. काकांनी सैलपणा म्हणजे बिघाड असं समजून मदत केली, आणि तीस वर्षं कोकणातल्या हवेनं त्या मदतीला सांभाळून घेतलं. आता तुमचा सुतार त्या सैल पट्ट्या फेविकॉलनं चिकटवायला निघालाय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तेव्हा पहिली दुरुस्ती म्हणजे लोखंडी पट्ट्या काढणं. तीस वर्षांचे गंजलेले स्क्रू असे सहजी येणार नाहीत. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवून धरा, गार होऊ द्या. मग माप बरोबर असलेल्या स्क्रू-ड्रायव्हरनं आधी किंचित आवळायच्या दिशेनं दाब द्या, एक बारीक 'टक्' ऐकू येईल, आणि मग सोडवा. छोटा स्क्रू-ड्रायव्हर वापरलात तर खाच गोल होते आणि मग ड्रिल आणावं लागतं. पट्ट्या निघाल्या की फेकू नका. फळी टांगल्यावर जास्तीचा आधार हवाच असं वाटलं तर त्याच पट्ट्या परत लावता येतात. फक्त मधलं भोक तसंच ठेवून बाकीची भोकं फॅब्रिकेटरकडून पट्टीच्या लांबीच्या दिशेनं लांबट करून घ्यायची आणि स्क्रूखाली वॉशर टाकायचे. मग लाकूड हललं तरी स्क्रू खाचेतून त्याच्याबरोबर सरकतो.

भेग लगेच भरायची नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका मित्राच्या घरच्या आंब्याच्या मेजाची भेग मी भर उन्हाळ्यात लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून गच्च भरली होती. दिसायला काम सुंदर. पावसाळ्यात लाकूड फुगलं, मिटायला जागाच नव्हती, आणि ते भरलेलं सगळं पाचरीसारखं वागलं. ऑगस्टमध्ये भेग एक वीतभर पुढे सरकली होती. मित्र अजून त्या मेजावर जेवतो, आणि मी गेलो की मला मुद्दाम तिथेच बसवतो.

तुम्ही लोखंडी पट्ट्या काढा आणि एक पूर्ण वर्ष जाऊ द्या, निदान एक उन्हाळा तरी. भेगेच्या आतल्या टोकाला पेन्सिलीनं बारीक खूण करून तारीख लिहा, म्हणजे ती पुढे सरकते का ते कळेल. पुढच्या मे महिन्यात भेग खुणेपाशीच थांबलेली असेल तर खालच्या अंगाला तिच्यावर आडवे दोन तुकडे बसवायचे. डमरूच्या आकाराचे, मध्ये बारीक, दोन्ही टोकांना रुंद, आणि त्यांचे रेषे भेगेला काटकोनात. जाडी फळीच्या साधारण एक तृतीयांश पुरे. फणसाचंच जुनं लाकूड मिळालं तर उत्तम, नाहीतर सागवान. हे काम पटाशीचं, म्हणजे सुताराच्या हातातल्या छिन्नीचं आहे, मशीनचं नाही, आणि त्यासाठी हातानं काम करणारा माणूस शोधावा लागेल. ओळखायची खूण सांगतो. त्याला विचारा, 'हे तुकडे कशानं कापाल?' उत्तरात 'राउटर', म्हणजे खाच पाडायचं हातातलं मशीन, आला तरी हरकत नाही. पण 'एवढं कशाला, एम-सील भरू की' असं आलं तर चहा पाजून निरोप द्या. हे तुकडे पेन्सिलीच्या अक्षरांपासून लांब बसवायचे, हे वेगळं सांगायला नको.

भेग एखाद्या साखळीच्या भोकापर्यंत पोचत असेल तर मात्र हे सगळं विसरा, झोपाळा टांगूच नका आणि आधी कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा. तुमच्या वर्णनावरून ती मधोमध आहे असं वाटतं.

आता रंधा. माझी एक मावशी देवरुखला होती. तिच्याकडे फणसाचा एक पाट होता, जेवायला बसायचा, गर्द तांबूस, मधाच्या पोळ्यासारखा. मी नुकताच लाकूडकामाच्या नादाला लागलो होतो, हातात नवा सँडर होता, आणि मावशीला खूश करायची हौस होती. एका दुपारी मी तो पाट घासून गुळगुळीत केला. खालून निघालं पिवळंधमक लाकूड, हळदीच्या गाठीसारखं. मावशी झोपून उठली, पाट बघितला आणि म्हणाली, 'हा कुणाचा रे आणलास?' माझं त्या दिवसाचं जेवण गेलं.

फणसाचा गाभा ताजा कापला की पिवळा असतो, इतका की आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवायला त्याचा रंग काढतात. उजेड आणि हवा लागत गेली की तो आधी नारिंगी, मग तांबूस, मग तपकिरी होत जातो. पण हा रंग वरच्या कातडीपुरता असतो, जेमतेम कागदाच्या जाडीचा. साठ वर्षांचा उजेड सुताराच्या मशीनच्या एका फेरीत भुशाच्या पिशवीत जाईल. मग तो म्हणणार, 'काळजी नको, वॉलनट स्टेन मारतो.' म्हणजे खरा रंग काढून त्याची नक्कल वर चढवायची. याला पैसे द्यायचे?

आणि ती खोलगट जागा. फळीवर हात सपाट ठेवून डोळे मिटून डावीकडे सरकवा. कडेची धार जिथे बोथट होते, तिथे पोटऱ्या टेकत असणार. त्याच्या जरा मागे हात बुडतो. शेजारी उजव्या हाताला कडेवर एक गुळगुळीत पट्टा लागेल, पाय जमिनीला रेटताना माणूस तिथे हातानं धरतो. हे सगळं मी तुमचा झोपाळा न बघता लिहितोय, कारण कोकणातल्या बऱ्याच झोपाळ्यांवर ते असतं. खालच्या अंगाला वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, उथळ घाव दिसतील, माशाच्या खवल्यांसारखे एकाशेजारी एक. वरची बाजू आजोबांनी रंधली, खालची कोण बघतंय म्हणून वाकसावरच सोडली. हातानं केलेलं काम असंच असतं, जिथे नजर आणि अंग लागतं तिथे मेहनत, बाकी ठिकाणी काटकसर. दोन्ही बाजू गुळगुळीत असलेली फळी हवी असेल तर ती प्लायवूडच्या दुकानात मिळते.

तुम्ही तारखेबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. शके १८८४ चा चैत्र म्हणजे इसवी सन १९६२ चा एप्रिल, आणि चैत्र शुद्ध नवमी म्हणजे रामनवमी. आजोबांनी मुहूर्त साधलेला दिसतो. त्या अक्षरांचा आधी तिरप्या उजेडात स्पष्ट फोटो काढून ठेवा. त्या जागेला पाणी, तेल, टर्पेंटाइन काहीही लावायचं नाही. तेल ओल्या फडक्यावरून ओघळतं, म्हणून तळहाताएवढी जागा चारी बाजूंनी कोरडी सोडा. तिचा रंग बाकी फळीपेक्षा फिका राहील. राहू दे, खालीच आहे.

पीठ पडतंय ते वाळवीचं नाही. नेहमीची वाळवी मातीच्या नळ्या करते आणि आतून पोकळ करत जाते, ती अशी टाचणीची भोकं पाडून बाहेर पीठ टाकत नाही. हा लाकूड पोखरणारा बारीक भुंगा आहे. त्याला खायला हवा असतो तो सालीलगतच्या फिक्या, कोवळ्या लाकडातला पिष्टमय भाग. जून गाभ्यात त्याला रस नाही. भोकं एकाच कडेला आहेत म्हणजे त्या कडेला आजोबांनी थोडं कोवळं लाकूड राहू दिलंय. आधी तो अजून आत आहे का ते बघू. जुन्या भोकांतूनही हलवाहलवीत पीठ पडतं, त्यावरून घाबरू नका. ब्रशनं सगळं साफ करा, भोकांवर मेण चोळून ती बंद करा आणि खाली काळा कागद पसरून महिनाभर फळी हलवू नका. नवं भोक किंवा नवं पीठ दिसलं तरच औषध. पेस्ट कंट्रोलवाल्याला सिरिंजनं भोकाभोकांत सोडायला सांगायचं, वरून फवारून उपयोग नाही, कारण तेलकट पृष्ठभागातून ते आत जात नाही. हे तेल लावायच्या आधी व्हायला हवं. गावाकडे रॉकेल ओततात. त्याचा वास वर्षभर जात नाही आणि भुंगा मात्र राहतो.

कठड्याचा हिरवा रंग काढायचा का, हा तुमच्या मर्जीचा प्रश्न. मी काढला असता, कारण कातीव दांड्यांच्या वळ्यांमध्ये ऑइल पेंट साचून त्यांची धार मरते आणि कातारी माणसानं लेथवर घातलेला तो डौलच दिसत नाही. पण काढायची घाई करू नका आणि कोरडं तर अजिबात घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्यानं मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून, दहा लाख भागांत ९० भाग. काकांचा डबा त्याच्या पंचवीस वर्षं आधीचा. त्यात शिसं असू शकतं, आणि पॉलिश पेपरनं घासलं की त्याची धूळ घरभर होते, जी रांगत्या मुलांना सगळ्यात वाईट. हीट गननं जाळलं तर धूर होतो, तेही नको. जेलसारखं पेंट रिमूव्हर ब्रशनं लावायचं, रंग फुगून आला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचा आणि ओल्या कागदात गुंडाळून टाकायचा. वळ्यांमध्ये जुना टूथब्रश आणि सुतळी. हातमोजे, मास्क, गच्ची किंवा उघडी बाल्कनी, आणि आसपास मूल नको. कुणी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायला सांगेल. रंग झटकन निघतो, पण लाकूड काळवंडतं आणि सांधे ढिले होतात. कठड्याचे दांडे टोकाला कुसू, म्हणजे बारीक जीभ, करून खाचेत बसवलेले असतील, वर बहुधा बांबूची मेख असेल. ते एकदा हलायला लागले की तुमच्या पाठीशी कुरकुरत राहतील.

फळी धुवायची नाही, पुसायची. आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ, मग रिठ्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं, रेषांच्या दिशेनं, लगेच पाठोपाठ कोरडं फडकं. डोकं टेकायच्या जागी तेलाचा काळा थर असेल तर तिथे टर्पेंटाइनचा बोळा, तोही आधी खालच्या अंगाला करून बघून. फडक्यावर काळं येईल ते मळ, तांबूस यायला लागलं की थांबा.

मेलामाइन नको म्हणतो त्याचं कारण फक्त आवड नाही. तो लाकडावर कडक काचेसारखा थर देतो. तुमची फळी दरवर्षी हलणार, थर हलणार नाही, भेगेच्या कडेनं तो पापुद्रे धरणार. आणि मग दुरुस्ती करायची तर सगळा थर घासून काढावा लागतो, म्हणजे परत रंधा दारात. लाखेचं पॉलिश सुंदर असतं, ते स्पिरिटनं कधीही उतरवता येतं, कपाटाला मी तेच सुचवलं असतं. पण झोपाळ्यावर घाम लागतो, चहाचा कप ठेवला जातो, आणि दमट हवेत मारलं तर ते पांढुरकं पडतं. तुम्ही बेलतेल लावा, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाइन. फडक्यानं चोळायचं, वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं. इथेच लोक आळस करतात आणि मग फळी चिकट राहते. दोन-तीन दिवसांनी दुसरा हात, पुढच्या आठवड्यात तिसरा. खोबरेल किंवा तिळाचं तेल मुळीच नको, घरातल्या वडीलधाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी. ते नीट वाळत नाही, धूळ धरतं आणि बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतं.

आणि हे नीट वाचा: अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकायची नाहीत. ते तेल वाळताना उष्णता सोडते, आणि गोळा केलेल्या फडक्यांत ती साचून फडकी आपोआप पेट घेतात. काडी लागत नाही. काम झालं की एकेक फडकं दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हे सगळं नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करायचं. ऑक्टोबर हीटमध्ये फळीला आणखी तापवू नका आणि पावसात तेल वाळत नाही.

साखळ्या चिंचेनं घासा, पितांबरीनं घासा, पण नंतर भरपूर पाण्यानं धुऊन लगेच कोरड्या करा. नाकात जाणारा उग्र अमोनियाचा वास असलेलं पॉलिश मात्र नको. ब्रिटिश लष्कराला हा धडा हिंदुस्थानातच मिळाला होता. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्यांना आपोआप तडे जायचे. कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. ताण असलेल्या पितळेला तो आतून फोडतो, आणि झोपाळ्याच्या कडीला ताण नाही असा दिवस नसतो.

मग एकेक कडी हातात घेऊन बघा. कडी जिथे दुसऱ्या कडीत अडकते तिथे आतल्या बाजूनं ती झिजलेली असेल. न झिजलेल्या भागाची जाडी आणि झिजलेल्या भागाची जाडी कॅलिपरनं मोजा. एक तृतीयांश गेली असेल तर ती कडी निवृत्त करा. सगळ्यात वरची आणि फळीच्या भोकातली, या दोन कड्या बहुधा सगळ्यात वाईट असतात. तशाच घडणीच्या नव्या करून मिळतात.

टांगण्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. गावाकडे तो तुळईला टांगलेला होता. तुमच्याकडे स्लॅब आहे, कदाचित खाली फॉल्स सीलिंग. नुसत्या फळीचं वजनच पंचवीस-तीस किलो भरेल. त्यावर तीन माणसं बसली की सव्वादोनशे किलो झाले. शिवाय झोका घेतला की खालच्या बिंदूला साखळ्यांवरचा ताण वजनापेक्षा जास्त येतो: तीस अंशांच्या झोक्याला सव्वापट, पंचेचाळीस अंशांना दीडपटीहून अधिक. पोरं पंचेचाळीस अंशांवर थांबत नाहीत. ड्रिल मारून दोन फास्टनर ठोकणाऱ्या माणसाच्या भरवशावर हे सोडू नका. हूक कुठे आणि कसे घ्यायचे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, त्याची फी झोपाळ्याच्या पॉलिशपेक्षा कमीच असेल. बीम सोयीच्या जागी नसेल तर मजबूत लोखंडी स्टँड करून घ्या. दिसायला तुळईची सर येत नाही, मान्य.

तुमच्या भावाचं म्हणणं मला तुम्हाला वाटतं तितकं वेडगळ वाटत नाही. त्याच्याही मनात त्या फळीचा तुकडा आहे, म्हणून तर तो 'तू ठेव' म्हणून मोकळा झाला नाही. पण मधोमध करवत गेली की एका बाकड्याला आजोबांची बसायची जागा येणार आणि दुसऱ्याला नुसती फळी. मग कुणाला कोणतं, यावरून पुढची वीस वर्षं. घर उतरवलं तेव्हाची एखादी दाराची फळी, खांब, उंबरा काही कुणाकडे पडून असेल तर त्याचं बाकडं त्याला करून द्या. आणि नोव्हेंबरात त्याला दोन दिवस बोलवा, ते गंजलेले स्क्रू त्याच्याकडूनच काढून घ्या. पट्टी निघाल्यावर खालची खाच आणि सैल पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर येऊ द्या. कापायचं की नाही ते मग परत विचारा. मला वाटतं विचारावं लागणार नाही, पण भाऊ तुमचा आहे, माझा नाही.

राहता राहिला आवाज. इथे मी तुम्हाला नाराज करणार आहे. खोलगट जागा ठेवा, वाकसाचे घाव ठेवा, डाग ठेवा, अगदी काकांचा हिरवा रंगही ठेवलात तरी मी काही म्हणणार नाही. पण तो कर्रर्र आवाज म्हणजे पितळेवर पितळ कानशीसारखं घासतंय. तुम्हाला ऐकू येतं ती कडी झिजण्याची क्रिया, आणि त्या झिजलेल्या कडीखाली तुमची मुलं बसणार आहेत. टांगल्यावर पहिल्याच दिवशी वरच्या हुकांना आणि प्रत्येक कडीच्या सांध्याला ग्रीस लावा, आणि दर सहा महिन्यांनी परत लावा. त्याआधी एकदा, ग्रीसचा डबा उघडायच्या आधी, कुणालातरी हलक्या पायानं दोन-चार झोके घ्यायला सांगा आणि मोबाइल हुकाजवळ धरून तो आवाज रेकॉर्ड करून घ्या. शक्यतो पंखा बंद ठेवून.